‘अर्जदाराने स्वतः वाहन चालविणे संभवत नाही’

परिवहन कार्यालयात नोकरी झाली असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या घराकडे बघतो. घर दोन खोल्यांचं आहे. मग तो म्हणतो, "म्हणजे चांगल्या टेबलावर नव्हता वाटतं."

"होतो की," मी म्हणतो. "करमाफीच्या टेबलावर होतो."

यावर तो पुन्हा हसतो. कर गोळा करणाऱ्या कार्यालयात कर माफ करणारंही एक टेबल असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. नवी गाडी घेतली की तिचा कर एकदम भरावा लागतो. गाडी दिव्यांग माणसाच्या नावावर असेल आणि त्याच्याच वापरासाठी असेल, तर तो माफ होतो. असे अर्ज तपासून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा लिहून वर पाठवायचे, हे माझं काम. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून मी ते बरीच वर्षं केलं. सही वरच्या साहेबांची असायची, पण माझा शेरा बदलून त्यांनी सही केली असं क्वचितच घडलं. म्हणजे खरा निकाल माझ्याच टेबलावर लागायचा.

तपासायचं काय? प्रमाणपत्र खरं आहे का, ते कायमचं आहे की मुदतीचं, नाव सगळ्या कागदांवर एकच आहे का, गाडीत बदल केलाय का, हे सगळं बघायचं. हा भाग सोपा. कागद सगळे बरोबर असतात, तेव्हाच अवघड प्रश्न सुरू होतो. गाडी खरंच या माणसासाठी घेतलीय, की घरातल्या धडधाकट माणसानं त्याचं नाव पुढं केलंय?

एकदा विट्याकडचे एक गृहस्थ आले होते. दक्षिणेत कुठंतरी त्यांचं सोनं गाळायचं दुकान. गावच्या जत्रेला आले आणि मोठी पांढरी गाडी घेऊन ती आत्याच्या नावावर केली. आत्याचं प्रमाणपत्र अगदी अस्सल होतं. मी म्हटलं, आत्यांना घेऊन या. दुसऱ्या दिवशी आत्या आल्या, दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवलं. मी विचारलं, "आत्याबाई, ही गाडी तुमचीच ना?"

"माझी?" त्या म्हणाल्या. "मला काय म्हाईत बाबा. आज पयल्यांदाच बसले. लय गार लागतंय आत."

अर्ज तिथंच संपला. पुढं कितीतरी दिवस कार्यालयात ही गोष्ट माझ्या नावानं सांगितली जायची. शिंद्यांच्या टेबलावरून खोटा अर्ज जात नाही, असं लोक म्हणायला लागले आणि मलाही ते आवडायला लागलं. त्यातूनच पुढची चूक झाली.

आटपाडीकडच्या एका शिक्षिकेचा अर्ज आला. नाव शोभा बाबू कोळेकर. दिव्यांगत्वाचा प्रकार बुटकेपणा. दिव्यांगांच्या नव्या कायद्यात हा प्रकार आला होता, पण आमच्या टेबलावर असा अर्ज पहिलाच. वैद्यकीय कागदावर उंची लिहिलेली होती. मी टेबलावरची पट्टी घेऊन मनातल्या मनात मोजलं आणि ठरवून टाकलं, हिचे पाय ब्रेकपर्यंत पोचणार नाहीत. शिवाय लायसन फक्त शिकाऊ. मी शेरा लिहिला: ‘उंची पाहता अर्जदाराने स्वतः वाहन चालविणे संभवत नाही. सबब वाहन अन्य व्यक्तीच्या वापरासाठी घेतल्याचे दिसते. कायम लायसन सादर करावे.’ ठेक्यात लिहिलं होतं, अक्षरही छान आलं होतं.

आठवड्याभरानं खिडकीतून आवाज आला, "शिंदे साहेब आहेत का?"

मी वर बघितलं तर खिडकीत कुणीच नव्हतं.

"साहेब, मी इथं खाली आहे. तुमची खिडकी उंच आहे. तुम्हीच बाहेर येता का?"

मी उठून बाहेर गेलो. माझ्या कमरेइतक्या उंचीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी नीट पिना लावून नेसलेली, खांद्याला शाळेची पिशवी. शेजारी तांबडा फेटा बांधलेला उंच म्हातारा, तो त्यांचा बाप. मागं त्यांचा धाकटा भाऊ. बाईंच्या हातात माझा शेरा होता.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"मीही शेरे लिहिते, साहेब. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर. पण मूल वर्गात बघितल्याशिवाय लिहीत नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. नियम, कायम लायसन वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वर्गात गणित समजावून सांगावं तसं सांगितलं. कायम लायसनची परीक्षा त्यांना याच गाडीवर द्यावी लागणार, कारण दुसरी कुठलीच गाडी त्यांना चालवता येत नाही. गाडीची नोंदणी झाल्याशिवाय ती परीक्षेला चालत नाही. नोंदणी करमाफीवर अडलीय. आणि करमाफी मी लायसनवर अडवलीय.

"आता यातलं पहिलं काय करू ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "गाडीचा तात्पुरता नंबर सोमवारी संपतोय. मंगळवारपासून ती रस्त्यावर आणता येणार नाही."

तो दिवस बुधवार होता. मी सोपी वाट सुचवली. "आत्ता कर भरून टाका. नोंदणी होऊन जाईल. परताव्याचं मागाहून बघू."

"भरला तर ही गाडी माझ्यासाठी नाही, हे मी मान्य केल्यासारखं होईल. ते मी लिहून देणार नाही."

म्हातारा पुढं झाला. "आवं सायेब, पोरगी घरापासनं सोता चालवत आलीया. ह्यो पोरगा नुसता शेजारी बसलाय. बगा तरी यकदा गाडीकडं."

शिकाऊ लायसनवाल्याच्या शेजारी लायसनवाला माणूस बसावा लागतो, म्हणून भाऊ आला होता. आटपाडीहून आमच्याकडे यायला दोन-अडीच तास लागतात. मी म्हटलं, चला, गाडी बघू.

पटांगणात जाता जाता मी विचारलं, गाडीची एवढी निकड कशासाठी. बदली झालीय, त्या म्हणाल्या. नवी शाळा लांबच्या वस्तीवर आहे. एसटी जात नाही, टेम्पो किंवा जीप मिळते. मग म्हणाल्या, "टेम्पोची पायरी माझ्या छातीला लागते. मी चढायला लागले की कुणीतरी मागनं येऊन मला उचलून आत ठेवतं. चांगली माणसं असतात. पण विचारत नाहीत. मी एकतीस वर्षांची आहे, साहेब. माझ्या वर्गातली पोरं तिथं उभी असतात. त्यांच्यादेखत रोज मला कुणीतरी उचलतं."

मी निरीक्षकांना बोलवायला गेलो.

गाडी कायद्यात बसते का, हे मोटार वाहन निरीक्षक ठरवतात. आमचे निरीक्षक घोरपडे सहा फुटांच्या वर, कराडकडचे, घरात दोन भाऊ लष्करात. बोलणं कमी आणि नियमाला पक्के. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बिनगिअरची लहान गाडी होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींवर लोखंडी जोड देऊन पेडल वर आणली होती. चालकाची बैठक उंच करून पुढं घेतली होती. दाराखाली एक घडीची पायरी. हे सगळं विट्याच्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी बाईंच्या पायांचं माप घेऊन केलं होतं.

घोरपडे म्हणाले, "आधी मी चालवून बघतो."

ते दार उघडून आत बसायला गेले. एक पाय आत गेला. दुसरा आत घेतला तर गुडघा स्टिअरिंगला अडकला. त्यांनी बैठक मागं सारायचा खटका शोधला, पण बैठक बोल्ट मारून पक्की केलेली. डोकं छताला लागलं होतं. एवढा मोठा माणूस आतच अडकून बसला आणि आजूबाजूचे एजंट, शिपाई, परीक्षेला आलेली पोरं सगळी बघायला लागली. मी हात दिला तेव्हा कुठं ते बाहेर आले.

"सर," बाई म्हणाल्या, "माझ्या मापाची शिवून घेतलीय."

घोरपडे कधी हसत नसत, पण त्या दिवशी हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिंदे, ही गाडी दुसऱ्या कुणाच्या वापरासाठी घेतलीय असं लिहिलंय तुम्ही. दुसरा कुणी हिच्यात बसून दाखवू दे."

माझ्या शेऱ्याचा निकाल तिथंच, चारचौघांत लागला. चेहरा गरम झाला माझा, खोटं कशाला सांगू.

घोरपडे शेजारच्या जागी बसले आणि बाईंनी गाडी काढली. पटांगणात वळणं घेतली, गाडी मागं आणून दोन खांबांच्या मधोमध उभी केली. मग दोघं बाहेर रस्त्यावर गेले. चढावर थांबवून पुन्हा सुरू करणं, एकदम ब्रेक मारणं, सगळं करून घेतलं त्यांनी.

आम्ही लिंबाखाली उभे होतो. म्हाताऱ्यानं तंबाखू मळत मला सांगितलं, "आमी पयल्यापासनं मेंढरंवाली माणसं. पाऊस उघडला की कोकणात उतरायचो. ही बारकी हुती तवा घोड्यावर वज्झ्यासंगं बसवायचो, कोकरं ठेवतो तितंच. आठ वर्साची झाली आन् बसंना. म्हणली, आबा, मी चालीन, तुमी हळू चला."

"मग?"

"मग काय? तवापासनं आमची मेंढरं हिच्या पायानं चालायची. बाकीचे फुडं जायाचे. आमी संध्याकाळी पोचायचो." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पर पोचायचो."

गाडी परत आली. घोरपडे उतरले ते खाली वाकूनच. ब्रेकचा जोड त्यांनी हातानं हलवून बघितला, छाती आणि स्टिअरिंग यांच्यातलं अंतर टेपनं मोजलं. "अंतर ठीक आहे. आणि चालवता तुम्ही चांगलं, त्यात वाद नाही. पण हा ब्रेक मी पास करणार नाही. जोड बाजूला हलतोय. आज हलतोय, सहा महिन्यांनी निसटेल. उतारावर निसटला तर काय होईल?"

मला वाटलं आता बाई चिडतील किंवा रडतील. भाऊ काहीतरी बोलायला पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. "कुठं हलतोय? मला दाखवा," म्हणाल्या. मातीत गुडघे टेकून त्यांनी स्वतः जोड हलवून बघितला. पिशवीतून वही काढली, घोरपड्यांना विचारून विचारून चित्र काढलं. बोल्ट कुठं हवा, आडवी पट्टी कुठं हवी, पट्टी किती जाड हवी. मग वही मिटून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मिस्त्रींना दाखवते. शुक्रवारी येते." आणि विट्याच्या वाटेला लागल्या.

त्या गेल्यावर मी टेबलावर येऊन नियमांची फाईल काढली. करमाफीसाठी कायम लायसन हवं, असं नेमकं कुठं लिहिलंय ते बघायला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. प्रमाणपत्र हवं, गाडी नावावर हवी, वापर स्वतःसाठी हवा, एवढंच. लायसनची अट माझ्या आधी हे काम करणाऱ्यांनी कधीतरी घातली होती. त्यांनी ती मला तोंडी सांगितली आणि मी ती नियम म्हणून वर्षानुवर्षं चालवली. सरकारी कामात अशा कितीतरी गोष्टी असतात. कुणी कधी उघडून बघत नाही.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या. या वेळी पाठीमागच्या जागेवर लेथवाले मिस्त्रीही होते, हाताला अजून ग्रीस. घोरपड्यांनी दारातून वाकून ब्रेकवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. जोड तसूभर हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "सायेब, हत्ती हुबा ऱ्हायला तरी हलायचा न्हाई." घोरपड्यांनी अहवालावर सही केली.

आता माझं काम उरलं होतं. सरकारी टिपणीत आधीचं काही खोडता येत नाही, खाली नवीन लिहावं लागतं. मी लिहिलं: ‘माझा यापूर्वीचा शेरा अर्जदारास व वाहनास न पाहता, चुकीच्या समजुतीने लिहिला होता. वाहन अर्जदाराव्यतिरिक्त कोणासही चालविता येत नाही. अर्जदार पात्र आहेत.’

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "शिंदे, असं लिहायचं नसतं. ‘त्रुटींची पूर्तता झाल्याने’ असं लिहा. काम तेच होतंय."

"साहेब, त्रुटी त्यांच्या अर्जात नव्हती."

"उद्या कुणी फाईल तपासली तर तुमच्यावर येईल."

"येऊ दे. माझ्यावरच यायला पाहिजे."

त्यांनी चष्मा चढवला आणि सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या पुढ्यात एवढं ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो. आणि तेही माझ्याच चुकीच्या बाजूनं. संध्याकाळच्या आत बाईंच्या गाडीची नोंदणी झाली. महिन्याभरानं त्यांनी कायम लायसनची परीक्षा दिली, पहिल्याच खेपेला पास झाल्या. त्या दिवशी लायसन घेऊन त्या खिडकीपाशी आल्या तेव्हा मी आधीच बाहेर जाऊन उभा होतो.

पुढं दोन-तीनदा त्या दुसऱ्यांचे अर्ज घेऊन आल्या. कुणी जतकडचा, कुणी त्यांच्या शाळेतल्या मुलाचा बाप. अर्ज त्यांनी स्वतः भरलेले असायचे आणि त्यात मला एकही चूक कधी सापडली नाही. घोरपडे गमतीनं म्हणायचे, यांनाच टेबल देऊन टाका, शिंदे.

गोष्ट इथं थांबवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण एक नाव माझ्या डोक्यातून जात नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, आधीच्या कार्यालयात असताना, लोणंदच्या एका माणसाचा अर्ज आला होता. दिलीप त्याचं नाव. कारखान्यात मशीनवर डावा हात कोपरापासून गेलेला. त्याच्याही कागदावर मी तेच लिहिलं होतं, फक्त ‘उंची पाहता’च्या जागी ‘एक हात पाहता’. तो परत आलाच नाही. आला नाही म्हणजे अर्ज खोटा होता, असं मी तेव्हा समजून चाललो होतो.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी लोणंदला गेलो. कांद्याच्या बाजारात चौकशी केली तर लगेच सापडला, आडतीवर कामाला होता. पन्नाशीचा माणूस, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, डावी बाही वर दुमडून पिन लावलेली. मी नाव सांगितलं.

"शिंदे म्हंजी त्या आपिसातले?" तो म्हणाला. "तुमचा कागद लय दिवस ठेवला हुता मी. अक्षर झोकात काढता."

"गाडी कुठं आहे?"

"इकली. चालवायला येत न्हाई असं सरकारच म्हणतंय म्हटल्यावर ठिवून काय करू?"

"चालवायला येत होती?"

"शेतातल्या रस्त्यावर चालवायचो की. सरळ."

मी म्हटलं, चूक माझी होती. तुम्हाला न बघता लिहिलं. एवढंच सांगायला आलोय.

त्यानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही कांद्याच्या पोत्यांकडे बघत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी कोळेकर बाईंची हकीकत सांगायला लागलो. तो आधी नुसता ऐकत होता. पेडलांपाशी आलो तसा त्यानं मला अडवलं.

"थांबा, थांबा. बिनगिअरची गाडी हुती?"

"हो."

"आन् त्या मिस्त्रीनं सगळं घरच्या घरी केलं? स्टिअरिंगवर धराय मूठ बसवून देईल का त्यो? एका हातानं फिरवाय?"

"विचारायला लागेल. पण देतील असं वाटतं."

"आन् आपिसातनं पास हुतंय ते?"

"चांगलं पक्कं बसवलं तर होतंय. अर्ज भरताना मला बोलवा, मी येईन."

त्यानं माझ्यापुढं एक कोरा कागद सरकवला. मी विट्याच्या मिस्त्रींचं नाव लिहिलं, दुकानाची खूण लिहिली, खाली माझा फोन नंबर लिहिला. दिलीपनं कागद उचलला, एक टोक दातांत धरलं, उजव्या हातानं घडी घातली, मग मांडीवर ठेवून अंगठ्यानं ती दाबली आणि कागद वरच्या खिशात ठेवला.

"मिस्त्री रविवारी असत्यात का?" त्यानं विचारलं.